घड्याळाचा क्रिस्टल बसवणे आणि चालू करणे: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, मी काही इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर नाही. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, दिवसा एका दुकानाचे हिशेब बघतो आणि रात्री जेवणं आटोपली की त्याच टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापवतो. भिंतीवरचं एक घड्याळ स्वतः बनवावं असं डोक्यात आलं तेव्हा वाटलं, घड्याळाला ठोका देणारा हा क्वार्ट्झचा क्रिस्टल म्हणजे काय, दोन पायांचा पार्ट, लावला की चालला. चार मेले. पाचवा चालला पण रोज आठ सेकंद मागे पडायचा.

आमचे चुलते अण्णा जुने रेडिओवाले. त्यांनी पहिला मेलेला क्रिस्टल चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, "पाय कुठून वाकवलास?"

"अगदी बुडातून, बोर्डावर चपटा बसावा म्हणून."

"मग मेलाच तो. अरे बाबा, ही हलणारी वस्तू आहे. जिथे हलत नाही तिथेच धरायची असते."

हे शेवटचं वाक्य मला कळायला महिना लागला, तुम्हाला पहिल्या संध्याकाळी कळावं म्हणून हे लिहितोय. (मराठी ग्वाल्हेरची आहे, मधे मधे हिंदी शिरेल, पुण्याच्या मंडळींनी चालवून घ्यावं.)

१. आधी एक सळई टांगा

हसू नका, खरंच करा. कुठे बांधकाम चालू असेल तिथून १२ एमएमची ३० सेंटीमीटर सळई कापून आणा. दोन्ही टोकांपासून साधारण पावणेसात सेंटीमीटरवर सुतळी बांधून आडवी टांगा आणि मधोमध पान्याने टोला द्या. घंटेसारखी वाजते, बराच वेळ. आता सुतळ्या सरकवून अगदी टोकांना न्या किंवा सळई मधोमध मुठीत धरा आणि पुन्हा मारा, नुसता ठक्क.

का, तर सळई वाजते तेव्हा मधला भाग आणि दोन्ही टोकं वरखाली होतात, पण मधे दोन जागा अशा असतात ज्या जवळपास स्थिर राहतात, शाळेत त्यांना निस्पंद म्हणायचे. मोकळ्या पट्टीत त्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या ०.२२४ पट अंतरावर येतात, म्हणून ३० सेंटीमीटरला ६.७. काष्ठतरंगाच्या पट्ट्या त्याच जागी बांधलेल्या असतात, भजनातला टाळही मधल्या दोरीला धरला की वाजतो, कडेला बोट लागलं की मुका होतो. क्वार्ट्झचा क्रिस्टल ही त्याच जातीची वस्तू, फरक इतकाच की त्याला टोला विजेने द्यायचा असतो आणि तो वाजला की उलट वीजच देतो. दाबला की वीज, वीज दिली की ताण, क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाबल्यावर वीज येते हे दाखवलं होतं.

२. कमी फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल वेगळा का असतो

रेडिओ, मायक्रोकंट्रोलरमधला नेहमीचा ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल म्हणजे एक पातळ चकती, ती जाडीत थरथरते. त्या कटचा (म्हणजे क्रिस्टल ज्या दिशेने कापतात त्याचा) हिशेब असा की मेगाहर्ट्झ गुणिले मिलिमीटर साधारण १.६७, म्हणजे ४ मेगाहर्ट्झला जाडी ०.४ मिलिमीटर. आता हाच हिशेब ३२.७६८ किलोहर्ट्झला लावा, ५१ मिलिमीटर जाड म्हणजे दोन इंचांचा दगड, आणि रुंदी त्याहून कितीतरी जास्त. असलं मनगटावर कोण बांधणार. म्हणून खालच्या फ्रिक्वेन्सीला जाडीचा नाद सोडून देतात आणि पट्टी लांबीत ताणून, किंवा चौकोनी तुकडा तिरका ओढून, किंवा सरळ वाकवून हलवतात. १०० किलोहर्ट्झची लांबीत ताणली जाणारी पट्टी सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटरची होते, तेवढं चालतं. ३२ किलोहर्ट्झला तेही आठ सेंटीमीटरच्या पुढे जातं, मग वाकवणं हाच मार्ग उरतो, आणि वाकवायला सगळ्यात सोयीचा आकार म्हणजे नादकाटा, दोन दातांचा ट्यूनिंग फोर्क.

एखाद्या बंद भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन खोला, त्यात चांदीच्या रंगाची बारीक नळी असते, २ मिलिमीटर जाड आणि ६ लांब. मेलेला असेल तर तो क्रिस्टल बळी द्या. कानशीने बुडाजवळ हलकेच गोल खाच पाडून कॅप ओढून काढा. आत तांदळाच्या कणीएवढा काचेसारखा चिमटा दिसेल, दोन दात, त्यांवर बारीक पट्ट्यांचे इलेक्ट्रोड, आणि बूड दोन पायांच्या टोकांना चिकटवलेलं. भिंग घ्या, नुसत्या डोळ्यांनी मजा नाही. दोन्ही दात एकाच वेळी विरुद्ध दिशेला हलतात, एकाने बुडाला डावीकडे ओढलं की दुसरा उजवीकडे, म्हणून बूड जागचं हलत नाही. म्हणूनच ते बुडाला धरलेलं असतं. दातांच्या टोकाशी धातूचा थर थोडा खरवडलेला दिसला तर तो कारखान्यातला बिघाड नाही, लेझरने तेवढं वजन उडवून फ्रिक्वेन्सी जुळवलेली असते. आणि नळीत हवा नसते, कारण हवेत दात हलवणं म्हणजे पाण्यात हात हलवण्यासारखं. पाय बुडातून वाकवला की काचेचं सील तडकतं, हवा शिरते, आणि तो एकतर चालत नाही किंवा चालू-बंद होत राहतो, जे जास्त वाईट.

आकडा ३२७६८ का, तर दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ हर्ट्झ. सेइकोचं अ‍ॅस्ट्रॉन, पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, २५ डिसेंबर १९६९ ला बाजारात आलं त्यात क्रिस्टल ८१९२ हर्ट्झचा होता, म्हणजे तेरावा घात.

३. सामान

- क्रिस्टल ३२.७६८ किलोहर्ट्झ, निदान तीन घ्या, एक तुमच्या हातून जाणारच. दुकानात नुसतं "घड्याळाचा क्रिस्टल" म्हटलं की कळतं
- सीडी४०६० आयसी आणि तिचा सॉकेट
- १० मेगओहम रेझिस्टन्स (आमच्याकडे मिळाला नाही, ४.७ चे दोन सिरीजमध्ये लावले, काही फरक पडत नाही)
- ३३० किलोओहम, आणि तपासणीसाठी १८० किलोओहम
- कपॅसिटर: २२ पिकोफॅरड सिरॅमिक, ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून कमी-जास्त करता येतो तो), ०.१ मायक्रोफॅरड
- एलईडी आणि २.२ किलोओहम
- पेन्सिल सेल तीन, होल्डरसकट
- व्हेरोबोर्ड (भोकं आणि तांब्याच्या पट्ट्या असलेला बोर्ड), बारीक टोकाचं आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश

मोबाईल चार्जरवर चालवू नका निदान सुरुवातीला, त्याचा खरखराट क्रिस्टलच्या सिग्नलपेक्षा मोठा असतो. ग्वाल्हेरमध्ये काही मिळालं नाही तर कोणी दिल्लीला जात असेल त्याला लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटची चिठ्ठी द्या, मी तेच करतो, आणि चिठ्ठीवर १२.५ पिकोफॅरड हे नक्की लिहा, का ते पुढे येतंय.

४. क्रिस्टल बसवणे

इथेच सगळे मरतात म्हणून सावकाश.

पाय वाकवायचे असतील तर बुडापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून, आणि बुडाजवळचा भाग बारीक चिमट्याने धरून ठेवायचा म्हणजे ताण काचेपर्यंत जाणार नाही. सोल्डर दोन-तीन सेकंदात उरका. पाय तारेएवढे बारीक असतात, उष्णता सरळ आत जाते आणि आतला जोडसुद्धा सोल्डरच्याच जातीचा असतो.

नळी आडवी झोपवा. उभी ठेवली तर पायांवर डुलत राहते आणि एक दिवस पाय तुटतो. खाली दुहेरी चिकटपट्टीचा छोटा तुकडा, किंवा वरून बारीक तारेचा पूल करून तार बोर्डाला सोल्डर करा. तीच तार ग्राउंडला जोडली की नळीला आडोसाही मिळतो. नळीलाच सोल्डर लावायचा मोह होतो, बरेच बोर्ड तसे दिसतातही, पण कारखान्यात ते मोजून करतात, आपण साठ वॅटचं आयर्न दहा सेकंद टेकवून ठेवतो. माझा दुसरा क्रिस्टल असाच गेला.

आयसीपासून एक सेंटीमीटरच्या आत ठेवा. त्याच्या खालून, शेजारून दुसरी कुठलीही तार नेऊ नका. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) चालतो, पण शेजारशेजारच्या ओळींमध्येच दोनेक पिकोफॅरड लपलेले असतात, त्यामुळे तिथे जुळवलेली वेळ व्हेरोबोर्डवर उपयोगाची नाही.

मग फ्लक्स, म्हणजे सोल्डरबरोबर येणारी चिकट राळ, धुवा. हे कोणी सांगत नाही. १० मेगओहमच्या सर्किटमध्ये बोटाचा घाम आणि फ्लक्स मिळून काही मेगओहमचा चोरटा रस्ता तयार करतात. उन्हाळ्यात सगळं छान चालतं आणि श्रावणात घड्याळ बंद. अल्कोहोल, टूथब्रश, पंख्याखाली तासभर, बस.

पण मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतं त्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये बोर्ड कधीही घालू नका! माझा तिसरा तिथे गेला. मी एका ओळखीच्याकडे नेला, त्याने प्रेमाने पाच मिनिटं आंघोळ घातली, बोर्ड लखलखीत झाला आणि क्रिस्टल गप्प. ती मशिनं साधारण ४० किलोहर्ट्झला हलतात, आपला चिमटा ३२ ला, शेजारीच. दात आतल्या आत मोडतो, बाहेरून काही दिसत नाही.

५. सर्किट

सीडी४०६० मध्ये ऑसिलेटर (क्रिस्टलला हलतं ठेवणारा भाग) आणि चौदा वेळा निम्मं करणारा काउंटर एकत्र आहे. पिन १६ ला प्लस, ८ ला मायनस, या दोन्हींच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड. पिन १२ रिसेट, तो मायनसला, लोंबकळत ठेवलात तर तासभर डोकं खाजवाल. पिन १० आणि ११ च्या मधे १० मेगओहम. पिन १० मधून ३३० किलोओहम निघतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला क्रिस्टलचा एक पाय आणि २२ पिकोफॅरड, कपॅसिटरचं दुसरं टोक मायनसला. क्रिस्टलचा दुसरा पाय पिन ११ ला, तिथून ट्रिमर मायनसला. झालं.

प्रत्येक जण काय करतो ते समजून घ्या. १० मेगओहम आतल्या इन्व्हर्टरला ना वर ना खाली असा मधोमध लटकवतो, म्हणजे बारीकशी हालचालही तो मोठी करतो. इन्व्हर्टर सिग्नल उलटवतो, क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर मिळून पुन्हा उलटवतात, फिरून आला तो बरोबर वेळेवर, झोक्याला मागून दिलेल्या धक्क्यासारखा. आणि ३३० किलोओहम म्हणजे धक्का देणाऱ्याचा हात आवरणारा. हा चिमटा १ मायक्रोवॅटपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणजे क्रिस्टलमधून जायचा करंट पाच मायक्रोअँपियरच्या आसपास. मोठ्या क्रिस्टलच्या सर्किटची नक्कल करून हा रेझिस्टन्स गाळला की क्रिस्टल सुरुवातीला जोरात चालतो, मग फ्रिक्वेन्सी सरकते, कधी दातच मोडतो. चौथा असा गेला, आणि तो गेलाय हे कळायलाच तीन दिवस लागले कारण मल्टिमीटर काही सांगत नाही. चांगला क्रिस्टलही ओहमवर ओपन दाखवतो, मेलेलाही ओपनच.

सीडी४०६० न वापरता सुट्या इन्व्हर्टरवर करायचं असेल तर नावात यू असलेला घ्या, ४०६९यूबी किंवा ७४एचसीयू०४. साध्या ७४एचसी०४ मध्ये आत तीन टप्पे असतात, तो भलत्याच उंच फ्रिक्वेन्सीला स्वतःच ओरडत बसतो.

डीएस१३०७ सारखी घड्याळाची आयसी वापरणार असाल तर यातलं काहीच नको, क्रिस्टल सरळ दोन पिनांना, कपॅसिटर आतच आहेत. बाहेरून आणखी लावले की घड्याळ मागे.

६. चालू करा आणि हात लावू नका

पिन ३ ला एलईडी आणि २.२ किलोओहम लावा. चौदा वेळा निम्मं म्हणजे २ हर्ट्झ, सेकंदाला दोनदा लुकलुकेल. १ हर्ट्झ हवा तर पुढे सीडी४०१३ चा एक फ्लिपफ्लॉप, तो आणखी एकदा निम्मं करतो.

सेल जोडल्यावर लगेच काही झालं नाही तर घाबरू नका. ही जड घंटा आहे, डोलायला वेळ घेते, एक सेकंद, कधी दोन-तीनही.

ऑसिलोस्कोप असेल तर त्याचा प्रोब क्रिस्टलच्या पायाला लावू नका. दहापट प्रोबमध्येही दहा-पंधरा पिकोफॅरड असतात, एकपटमध्ये शंभराच्या आसपास, म्हणजे टाळाच्या कडेला बोट लावल्यासारखंच. प्रोब पिन ७ ला लावा, तिथे १६ ने भागलेले २०४८ हर्ट्झ मिळतात आणि क्रिस्टलला पत्ताही लागत नाही. स्कोप नसेल तर तिथे एक पिझो चकती जोडा, शिटीसारखा आवाज येतो. बायको उठून येते पण खात्री होते.

७. चालत नसेल तर

बोट लावल्यावर चालतो आणि काढल्यावर बंद पडतो, असं झालं तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा फ्लक्स धुतलेला नसतो, किंवा १० मेगओहमचा जोड कच्चा असतो.

चालतो पण भरवसा आहे का, हे बघायची अण्णांची पद्धत: क्रिस्टलच्या एका पायाशी सिरीजमध्ये १८० किलोओहम घाला आणि सेल काढून पुन्हा जोडा. घड्याळाच्या क्रिस्टलचा स्वतःचा रेझिस्टन्स पस्तीस ते पन्नास किलोओहम असतो, त्याच्या चार-पाचपट ओझं टाकूनही उचलला तर निश्चिंत राहा, मग तो रेझिस्टन्स काढून टाका. नाही उचलला तर ३३० चा २२० करून बघा, त्याहून खाली जाऊ नका.

८. मोठा जुना क्रिस्टल हाती लागला तर

अण्णांच्या पेटीत एफटी-२४१ नावाचे दोन क्रिस्टल निघाले, दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या वायरलेसचे, पुढे जगभर भंगारात विकले गेले. वरती मेगाहर्ट्झ लिहिलेले असतात पण आतला तुकडा खरा चारशे-पाचशे किलोहर्ट्झचा, रेडिओत त्याची ५४ वी किंवा ७२ वी पट वापरायचे. स्क्रू काढून एकाचं झाकण उघडलं. चौकोनी तुकडा दोन केसासारख्या तारांवर हवेत टांगलेला, तारा दोन्ही बाजूंनी बरोबर मध्यावर सोल्डर केलेल्या, कारण हा कट तिरका ओढला जातो आणि त्यात मध्य हलत नाही. आमची सळईच ही, फक्त सुतळीच्या जागी तार.

तशा काही क्रिस्टलमध्ये तारेवर सोल्डरचा छोटासा मणी असतो. मला वाटलं कारागिराचा सोल्डर सांडला, ब्लेडने काढायला निघालो होतो, अण्णांनी हात धरला. तुकड्याची थोडीफार थरथर तारेतून पळून जाते, मणी तिला अडवून परत पाठवतो, म्हणून तो तुकड्यापासून किती अंतरावर बसवायचा हे ठरवून केलेलं असतं. तेव्हा असल्या क्रिस्टलला उघडा, बघा, आणि फुंकरही न मारता बंद करा.

हे मोठे क्रिस्टल जास्त ताकद सोसतात आणि त्यांचा रेझिस्टन्सही कमी असतो, त्यामुळे ३३० किलोओहम त्यांना नको, दहा-वीस किलोओहमपासून सुरुवात करा. १०० किलोहर्ट्झची पट्टी मिळाली तर तिची शंभरावी पट बरोबर १० मेगाहर्ट्झला येते, शॉर्टवेव्हवर तिथे चीनचं बीपीएम वेळेचं स्टेशन लागतं, दोन्हींच्या फरकाची शिटी शून्यावर आणली की पट्टी जुळली.

९. वेळ जुळवणे, आणि माझे आठ सेकंद

क्रिस्टलवर छापलेली फ्रिक्वेन्सी ठरावीक कपॅसिटर समोर असतानाच खरी असते. दुकानात १२.५ चे मिळतात तसे ६, ७, ९ पिकोफॅरडचेही मिळतात, दिसायला सख्खे भाऊ. हिशेब: दोन कपॅसिटरचा गुणाकार भागिले बेरीज, अधिक बोर्डाचे चारेक पिकोफॅरड. २२ आणि ट्रिमरवर १४ धरले तर साडेआठ, अधिक चार, साडेबारा. माझा पाचवा क्रिस्टल ६ चा होता आणि मी त्याला साडेबाराचं ओझं दिलं होतं. ओझं वाढलं की तो संथ होतो, सुमारे ९५ पीपीएम (दहा लाखांत ९५ भाग), म्हणजे दिवसाला आठ सेकंद. मी आठवडाभर ट्रिमर फिरवत बसलो होतो, मूर्खासारखा.

मल्टिमीटरच्या २.०४८ वर विसंबू नका, त्याला चौथ्या आकड्यापुढे दिसत नाही आणि आपल्याला सहावा हवाय. सोपा मार्ग: घड्याळ आणि मोबाईलची सेकंदासकट वेळ एकाच व्हिडिओत घ्या, बरोबर सात दिवसांनी पुन्हा घ्या. आठवड्यात १ सेकंदाचा फरक म्हणजे १.६५ पीपीएम. साडेबाराच्या आसपास एकूण ओझं एक पिकोफॅरडने बदललं की सात-आठ पीपीएम सरकतं, म्हणजे दिवसाला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त, तेव्हा ट्रिमर केसभरच फिरवायचा, आणि प्लास्टिकच्या काडीने. लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकलेला असतो तेव्हा वेगळंच चालतं.

आता आपल्या गावची अडचण. हा चिमटा २५ अंशांना सगळ्यात जलद असतो, गरम झाला तरी संथ, थंड झाला तरी संथ, फरकाच्या वर्गाने, ०.०३५ पीपीएम दर अंशवर्गाला. ग्वाल्हेरला मे महिन्यात ४५ आणि जानेवारीच्या पहाटे ५, दोन्हीकडे २० अंशांचा फरक, दोन्हीकडे १४ पीपीएम, दिवसाला सव्वा सेकंद मागे. मनगटी घड्याळाला अंगाची ऊब मिळते, भिंतीवरच्याला कोण देणार. घरात एवढं टोक गाठलं जात नाही, तरी माझं ऑक्टोबरात काटेकोर जुळवलेलं घड्याळ मे महिन्यात वीस सेकंद मागे गेलं, जानेवारीत पंधरा.

म्हणून आता मी मार्च किंवा ऑक्टोबरात जुळवतो आणि मुद्दाम दिवसाला तिसरा हिस्सा सेकंद पुढे ठेवतो, म्हणजे आठवड्याला सव्वादोन सेकंद, ते पुढे उन्हाळा-हिवाळा खाऊन टाकतात. आणि पश्चिमेच्या भिंतीवरून काढून देवघराशेजारी लावलंय, तिथे वर्षभर त्यातल्या त्यात गारवा असतो. फक्त कापराच्या ज्योतीपासून हातभर लांब.